दहा गिअरची सायकल

नोकरीतून निवृत्त झालेला नवरा दिवसभर घरात दिसू लागला म्हणजे बायकोला पहिली धास्ती पडते ती जुन्या सामानाची. आमच्याकडेही तेच झाले. निरोप-समारंभाचा हार अजून पुरता सुकला नव्हता, शालीची घडी मोडली नव्हती, आणि मी जाहीर केले, "उद्या अण्णांची सायकल खाली काढतो."

"आणि काय करता?" सौ.ने विचारले.

"चालवतो."

"आणि गुडघे कोणाचे लावणार?"

प्रश्न रास्त होता. साठी उलटलेल्या माणसाजवळ त्याचे उत्तर असत नाही. पण तेवढ्यात आमची कन्या मदतीला धावून आली. ती डेक्कनवर एका कचेरीत नोकरीला आहे. "बाबा, मला दे ती सायकल," ती म्हणाली. "फक्त ते गिअर-बिअर काढून टाक. एकच गिअर ठेव. जुन्या रेसिंग सायकलींचं हल्ली सगळे तसंच करतात. सदाशिव पेठेतून डेक्कनपर्यंत चढ आहे कुठे?"

गिअर काढून टाक! ती सहज बोलून गेली. माझ्या मात्र पोटात गोळा आला. त्याचे कारण सांगण्यासाठी मला पन्नास वर्षे मागे जायला हवे.

वाड्यातले वैभव

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. माझ्याहून तेरा वर्षांनी मोठे. मध्ये ताई. अण्णा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करून १९७३ साली इंग्लंडला उमेदवारी करायला गेले आणि १९७५ साली परत आले ते सायकल घेऊन. लोक विलायतेहून घड्याळे आणीत, ट्रान्झिस्टर आणीत. आमच्या अण्णांनी सायकल आणली! पुण्याला सायकल आणणे म्हणजे कोकणात नारळ नेण्यासारखेच. ज्या शहरात दूधवाल्यापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे सायकलवर, जिथे महानगरपालिकेचा कराचा बिल्ला सायकलीला लावावा लागे, जिथे दिवा नसला किंवा मागे 'डबलसीट' कोणी बसला की पोलीस शिट्टी फुंकी, त्या शहरात आणखी एक सायकल! वडील दारात उभे राहून म्हणाले, "एवढा खर्च करून हेच सापडलं?"

पण खोके उघडले आणि सगळा वाडा गोळा झाला. रॅले कंपनीची, नॉटिंगहॅमला बनलेली निळ्या रंगाची रेसिंग सायकल. (हे रॅले नाव कंपनीने नॉटिंगहॅममधल्या एका रस्त्यावरून घेतले, कारखान्याचा आरंभ त्या रस्त्यावर झाला.) मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल, २७ इंची बारीक चाके, कॅरिअर नाही, घंटा नाही, साखळीवर पत्र्याचे आवरणसुद्धा नाही. आणि मागच्या चाकाला एकावर एक रचलेली पाच दातेरी चक्रे!

त्या काळी आपल्याकडे सायकली बनत नव्हत्या असे नाही. मद्रासच्या टी. आय. सायकल्सचा कारखाना १९४९ चा, सोनपतची ॲटलस १९५१ ची, लुधियान्याची हिरो १९५६ ची. पण रस्त्यावर दिसे ती एकाच घराण्यातली प्रजा: काळी, उंच, दणकट, आणि पुढे एक चक्र, मागे एक चक्र. आमच्या अण्णांची सायकल या प्रजेत राजपुत्रासारखी शोभली. "पुढे दोन, मागे पाच. दोन पंचे दहा!" असे अण्णांनी आम्हां पोरांना समजावले आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेत सगळ्यांना सांगून टाकले, "आमच्याकडे दहा गिअरची सायकल आहे." ही सायकल पुढे पंधरा वर्षे त्याच नावाने ओळखली गेली. अण्णा तिच्यावरून पिंपरीच्या कारखान्यात जात आणि रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत चक्कर मारीत.

सायकलीला हात लावायचा नाही, असा वडिलांचा आम्हां भावंडांना सक्त हुकूम होता. वडिलांचा हुकूम आणि वडिलांचा हात यांत फारसे अंतर नसे.

माझे गुपित

आता जे सांगतो ते मी आजवर कोणालाही सांगितले नव्हते, सौ.लासुद्धा नाही.

१९७६ चा मे महिना. मी बारा वर्षांचा. अण्णा कामासाठी मुंबईला गेले होते, वडील कचेरीत, आई वाळवणाला गच्चीवर. मी सायकल अल्लद बाहेर काढली, नळीखालून पाय घातला आणि हाफ पायडल मारीत बोळाच्या टोकापर्यंत गेलो. खाली नळीवर गिअरच्या दोन दांड्या होत्या. त्यांतली एक मी जोर लावून शेवटपर्यंत ओढली. साखळी खडखडत मोठ्या चक्रावर चढली, त्याच्याही पलीकडे गेली, आणि कडाड असा आवाज होऊन मागचे चाक जागच्या जागी थबकले. साखळी धरणारा गिअरचा लोंबता हात चाकाच्या आऱ्यांत शिरून पिळवटून निघाला होता. दोन आरे तुटले होते.

मी कसाबसा तो हात ओढून बाहेर काढला, सायकल पुसली, होती तशी जिन्याखाली उभी केली आणि तोंड मिटून बसलो. दोन दिवसांनी अण्णा आले. तिसऱ्या दिवशी सकाळी सायकल घेऊन बाहेर पडले. ते संध्याकाळी परत येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरला नाही. पण अण्णा आले, सायकल उभी केली, हातपाय धुतले आणि आईला म्हणाले, "वाढ गं." बस्स. एवढेच! दुसऱ्या दिवशीपासून नेहमीप्रमाणे पिंपरी. मी मनाशी म्हटले, म्हणजे फार काही मोडले नसावे. देवाने लाज राखली. त्या मारुतीला मी नारळही फोडला.

पुढे अण्णांचे लग्न झाले, स्कूटर आली, सायकल १९९१ साली भिंतीवर चढली. मग वडील गेले, आई गेली. सहा वर्षांपूर्वी वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली तेव्हा कोणता मजला कोणाला यावरून आम्हां दोघा भावांत शब्दाला शब्द लागला. घराघरातून हे होते. त्याचे चऱ्हाट लावीत नाही. अण्णा आपला हिस्सा घेऊन कोथरूडला गेले. सायकल माझ्या गॅलरीत दोन हुकांवर राहिली. भाऊबीजेला ताईकडे आम्ही दोघेही जात होतो, शेजारी शेजारी पाटावर बसत होतो आणि तिच्या चकल्यांखेरीज दुसऱ्या विषयावर बोलत नव्हतो.

अशा परिस्थितीत अण्णांना फोन करून मी विचारले, "तुमच्या सायकलीचे गिअर काढून एकच ठेवायचा विचार आहे. तुमची काही हरकत?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग अण्णा म्हणाले, "गिअरला हात लावू नकोस. हवी तर सायकल भंगारात घाल." आणि फोन ठेवला.

मी ताईला सांगितले. ती म्हणाली, "सायकलीचा राग नाही हो तो. वाड्याचा आहे." मलाही तसेच वाटले.

शहाण्यांची भांडणे

गिअर हवेत की नकोत, हे भांडण मात्र आमच्या घरापुरते नाही. सायकलीच्या इतिहासात थोरथोर माणसे त्यावरून हमरीतुमरीवर आलेली आहेत.

अगदी पूर्वी, म्हणजे १८७० च्या सुमारास, सायकलला साखळीच नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाला. पाय एकदा फिरला की चाक एकदा फिरणार. तेव्हा वेग हवा तर चाक मोठे करा. त्यातून ती माणसाएवढ्या उंच चाकाची सायकल निघाली. पण माणसाची तंगडी किती लांब असणार? तिथे गाडी अडली. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ले या इंग्रज कारागिराने कॉव्हेंट्री गावी 'रोव्हर' सायकल काढली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, आणि मागच्या चाकाला साखळीने गती. पुढचे दातेरी चक्र मोठे, मागचे लहान, की लहान चाक मोठ्या चाकाचे काम करू लागले. आज आपल्या दारातली सायकल ही त्या रोव्हरचीच पणती.

आता दातेरी चक्रे बदलता आली तर चढावर हलके आणि उतारावर जड पायडल मिळेल, हे लोकांना लवकरच सुचले. फ्रान्समध्ये सेंत-एत्येन गावचा पॉल द व्हिव्ही हा गृहस्थ 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने गिअरची बाजू हिरिरीने मांडीत असे. उलट, १९०३ साली 'तूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज यांचे मत असे की, शर्यत माणसाच्या स्नायूंची असावी, यंत्राची नव्हे. त्यामुळे कित्येक वर्षे शर्यतवीर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक चक्र लावीत. आल्प्सचा घाट आला की खाली उतरायचे, चाक काढायचे, उलटे करून बसवायचे आणि पुन्हा निघायचे! साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या गिअरला त्या शर्यतीत परवानगी मिळाली ती १९३७ साली.

आणि गंमत अशी की, सगळ्या जगाने गिअर स्वीकारल्यावर हौशी मंडळी पुन्हा एकाच गिअरकडे वळली. जपानमध्ये १९४८ पासून चालत आलेल्या केइरिन शर्यतींत आजही एकच गिअर असतो. न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांत टपाल पोहोचवणाऱ्या सायकलस्वारांनी जुन्या रेसिंग सायकलींचे गिअर काढून त्या सुटसुटीत केल्या आणि तरुणांनी तो पायंडा उचलला. मोडायला काही नाही, जुळवायला काही नाही, घाण साचायला जागा नाही. आमच्या कन्येने जे ऐकले ते इथले.

मिस्त्रींचे रोगनिदान

गिअरला हात लावायचा नाही तर निदान सायकलीचे ओव्हरहॉलिंग तरी करू, म्हणून मी ती आमच्या बोळाच्या तोंडाशी असलेल्या जुन्या दुकानात नेली. पूर्वी इथे तासावर सायकली भाड्याने मिळत. आता दुकानात निम्म्या जागेत मोबाइलची झाकणे विकतात आणि उरलेल्या निम्म्या जागेत सत्तरीचे मिस्त्री बसतात.

मिस्त्रींनी चाळशी लावली, सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि नळीवर टिचकी मारली. "साहेब, नळी चांगली आहे. गंज वरवरचा आहे. पण एक सांगतो, काहीही कापायचं नाही, घासायचं नाही. जे काढू ते परत लावता आलं पाहिजे." जुन्या वस्तूंना हात लावणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य दुकानात लावून ठेवावे.

पहिल्यांदा क्रँक काढायचे होते. त्यांत कॉटर पिना होत्या. परदेशात आता त्या पाहून कारागीर घाबरतात म्हणे. आमच्या मिस्त्रींचा मात्र जन्म त्यांतच गेलेला. खाली लोखंडी नळीचा टेकू दिला, नट पिनेच्या टोकाबरोबर आणून ठेवला, आणि एकच सरळ घाव. "दोन हळू मारण्यापेक्षा एक नीट मारावा. हळू मारला की पिन वाकते," ते म्हणाले.

खरी परीक्षा फ्रीव्हीलची. मागची पाच चक्रे एकाच फ्रीव्हीलवर असतात आणि तो चाकाच्या हबवर आट्यांनी बसलेला असतो. पायडल मारताना तो घट्टच होत जातो. तेव्हा अण्णांनी पंधरा वर्षे जेवढे पायडल मारले तेवढे त्याला आवळले होते. त्यावर उरलेली वर्षे गंजाची. मिस्त्रींनी आदल्या रात्री तेल सोडून ठेवले. सकाळी दोन खाचांचे हत्यार वाइसमध्ये उभे पकडले, त्यावर चाक आडवे बसवले आणि मला म्हणाले, "मोटारीचं स्टिअरिंग धरा तसं धरा. डावीकडे." दोघांनी जोर लावला. कर्र असा आवाज होऊन फ्रीव्हील सुटला.

मिस्त्रींनी तो रॉकेलच्या जागी आता डिझेलमध्ये धुतला, फडक्याने पुसला आणि उजेडात धरला. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

"ही सायकल कोणी चालवली?"

"आमच्या बंधूंनी. पंधरा वर्षं."

"दहा गिअरवर?"

"म्हणजे काय!"

"मग हे बघा." पाच चक्रांना अनुक्रमे १४, १६, १९, २३ आणि २८ दाते होते. त्यांतल्या १६ दात्यांच्या चक्राचे दाते झिजून माशाच्या काट्यासारखे एका अंगाला कललेले. बाकीच्या चारांचे दाते मात्र शाबूत. पुढच्या दोन चक्रांतही ४० दात्यांचे लहान चक्र झिजलेले, आणि ५२ दात्यांच्या मोठ्या चक्रावर क्रोमची झळाळी तशीच्या तशी.

"तुमच्या भावांनी एकच गिअर वापरलाय, साहेब. आणि आणखी एक सांगतो." त्यांनी गिअरचा लोंबता हात पुढे केला. "हा कधीतरी चाकात गेला होता. वाकला, मग कोणीतरी ठोकून सरळ केला. बघा, हातोडीचे वळ. ही छोटी चकती मोडली तिच्या जागी पितळेची बसवलीय, लेथवर कातून. त्या काळी विलायती सुटे भाग कुठे मिळणार? आयातच बंद. मग काय केलं, हा हद्दीचा स्क्रू पूर्ण आत पिळला, म्हणजे साखळी या एकाच चक्रावर राहील. आणि ही वायर पाहिलीत? दांडीपासून निघते, आणि मागे नळीखाली नुसती बांधून ठेवलीय. गिअरपर्यंत ती जातच नाही. दांडी नुसती शोभेची!"

माझ्या हातातले फडके खाली पडले. चाकात दोन आरे निराळ्या बनावटीचे होते, तेही मला तेव्हाच दिसले.

कोथरूडची वारी

त्याच संध्याकाळी तो फ्रीव्हील कागदात गुंडाळून, पिशवीत घालून मी कोथरूडला गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदा. वहिनींनी दार उघडले आणि त्या बाजूला झाल्या. अण्णा खिडकीशी बसले होते. मी काही न बोलता पुडके त्यांच्यापुढे सोडले.

अण्णांनी १६ दात्यांच्या चक्रावरून बोट फिरवले. चौऱ्याहत्तर वर्षांचे बोट, पण कारखान्यातले. "बरंच झिजलं रे," ते म्हणाले.

"अण्णा, तो गिअर मी मोडला होता. तुम्ही मुंबईला गेला होतात तेव्हा."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. सायकल जिन्याखाली उलट्या तोंडाने उभी होती. आणि तू पानावर बसून भात चिवडत होतास. तुला जेवण जात नाही म्हणजे काहीतरी मोठं मोडलंय, एवढं काय मला कळत नव्हतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"बाबांना काय सांगणार होतो? गिअर मोडला म्हटलं असतं की त्यांनी विचारलं असतं, कोणी? मला खोटं बोलता येत नसे. आणि त्यांचा हात तुला माहीत आहे." अण्णा थोडे थांबले. "आणि खरं सांगू का? आधीच ते म्हणत होते, सायकलीवर एवढा पैसा घातला. ती वर्षभरात मोडली हेही त्यांना कळू द्यायचं नव्हतं. म्हणून कारखान्यात दुपारच्या सुट्टीत ती चकती कातली. चालली की पंधरा वर्षं!"

"म्हणून गिअर काढू नकोस म्हणालात?"

"काढले असतेस तर तुला कळलं असतं. या वयात आता कशाला, असं वाटलं." मग ते एकदम हसले. "काढ गिअर. मी ते शहात्तर सालीच काढलेत."

वाड्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पुढेही निघालेला नाही. चहा मात्र दोनदा झाला.

एका गिअरचे गणित

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अण्णा स्वतःच रिक्षाने दुकानात हजर. मिस्त्रींनी स्टूल दिले, आणि मग दोन म्हाताऱ्या कारागिरांचे जे मेतकूट जमले त्यात मी केवळ पाने-पक्कड देणारा पोऱ्या उरलो. ज्यांच्या घरी अशी जुनी सायकल पडून असेल त्यांच्यासाठी त्यांनी केलेले काम थोडक्यात सांगतो.

सगळ्यांत आधी पाहावे ते मागचे चाक अडकवायच्या खाचा. आमच्या सायकलीच्या खाचा लांब आणि जवळजवळ आडव्या होत्या. त्यामुळे चाक मागे-पुढे सरकवून साखळी ताणता येते. नव्या सायकलींच्या खाचा उभ्या असतात. तिथे साखळी ताणायला वेगळी चकती लावावी लागते आणि निम्मी मजा जाते.

मग फ्रीव्हील. आपल्या साध्या देशी सायकलीचा एका चक्राचा फ्रीव्हील विलायती हबवर बसतो, कारण दोघांच्या आट्या एकच: व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे. इंग्रज गेले, आटे ठेवून गेले. अण्णांनी १६ दात्यांचाच मागितला. "पाय त्यालाच सरावलेत," ते म्हणाले; जणू सायकल तेच चालवणार होते.

पुढचे ५२ चे मोठे चक्र काढले, ४० चे ठेवले. बोल्ट लांब पडले म्हणून मध्ये वायसर घातले. आता मुख्य गोष्ट अशी की, पुढचे आणि मागचे चक्र एका सरळ रेषेत हवे. तिरकी साखळी कुरकुर करते आणि उतरते. पाच चक्रांसाठी हबच्या उजव्या अंगाला जी जागा सोडलेली असते ती आता रिकामी राहते. म्हणून मिस्त्रींनी एक्सलवरची उजवीकडची नळकांडी काढून काही डावीकडे घातली, आणि चाक त्यामुळे बाजूला सरकले ते आरे एका अंगाने आवळून, दुसऱ्या अंगाने सैल करून पुन्हा मधोमध आणले. मग आऊट काढला. या आरे ओढण्याच्या कामालाच सर्वांत जास्त वेळ लागला: पूर्ण एक दुपार. अण्णा एक डोळा मिटून चिमट्यातून पाहत होते आणि "अजून एक सूत डावीकडे" म्हणत होते.

साखळी नवी घेतली, साध्या सायकलीची रुंद. गिअरची साखळी अरुंद असते, ती या फ्रीव्हीलवर बसत नाही. साखळी फार ताणू नये. मधोमध बोटाने वर-खाली केली तर अर्धा इंच हलावी. पायडल सावकाश फिरवून जिथे ती सर्वांत ताठ होते तिथे हे माप घ्यावे, कारण कोणतेही चक्र अगदी नेमके गोल नसते.

ब्रेक मात्र दोन्ही ठेवले. हौसेने ब्रेकही काढून टाकणारे वीर आहेत. त्यांनी लक्ष्मी रोडवर संध्याकाळी सहा वाजता एक फेरी मारून दाखवावी. जुन्या ब्रेकचे रबर दगडासारखे झाले होते, ते बदलले. शिवाय या काळातल्या सायकलींच्या रिमा लोखंडी असतात आणि पावसात त्यांवर ब्रेक नीट लागत नाही, हे कन्येला दोनदा बजावले.

काढलेले सगळे सामान, म्हणजे दोन्ही गिअर, दांड्या, वायरी, मोठे चक्र, जुना फ्रीव्हील, घरच्या काट्यावर ठेवले आणि नव्या फ्रीव्हीलचे वजन वजा घातले. सायकल किलोभर हलकी झाली होती. खर्च दीड हजाराच्या आत. एवढ्यात तर आजकाल चौघांचे जेवणही बाहेर होत नाही.

मग अण्णांनी हिशेब मांडला. सायकलीचा गिअर मोजायची पद्धत अजून त्या उंच चाकाच्या काळातली आहे: चाकाचा व्यास गुणिले पुढचे दाते भागिले मागचे दाते. आमचे २७ गुणिले ४० भागिले १६, म्हणजे साडेसदुसष्ट इंच. ही सायकल चालवणे म्हणजे साडेसदुसष्ट इंच, पाच फूट साडेसात इंच उंचीच्या चाकावर बसण्यासारखे. पायाच्या एका फेऱ्यात सुमारे ५.४ मीटर. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी १९ किलोमीटरांहून थोडे जास्त. पेठेतल्या रहदारीला ते अधिकच. मूळच्या दहा गिअरांत सर्वांत हलका साडेअडतीस इंचांचा आणि सर्वांत जड शंभराचा होता. अण्णांचा साधारण मधला.

"आणि साध्या काळ्या सायकलीचा किती?" मी विचारले.

मिस्त्री म्हणाले, "चाक २८ चं, पुढे ४४, मागे १८."

अण्णांनी कागदावर भागाकार केला आणि पेन्सिल खाली ठेवली. उत्तर आले ६८.४ इंच!

म्हणजे नॉटिंगहॅमहून सातासमुद्रापलीकडून आणलेली, वाड्याने डोळे भरून पाहिलेली ती दहा गिअरची सायकल पंधरा वर्षे आमच्या दूधवाल्याच्याच गिअरवर चालत होती. मिस्त्री इतके हसले की त्यांना ठसका लागला. अण्णाही हसले. "बाबांना हे कळलं नाही ते बरं झालं," ते म्हणाले.

आता कन्या रोज त्या सायकलवरून कचेरीत जाते. तिच्या मैत्रिणी विचारतात, किती गिअरची? ती सांगते, एक. आणि तो कसा काय, हे सांगायला तिला वेळ असला तर ती पंचाहत्तर सालापासून सुरुवात करते. लोंबता हात, पितळेची चकती आणि बाकीचे सुटे भाग तेल लावून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले आहेत. तो डबा अण्णांनी मागून नेला.

दर रविवारी सकाळी ते येतात. चहाच्या आधी गॅलरीत जातात, साखळी बोटाने वर-खाली करून पाहतात आणि "ठीक आहे" म्हणतात. परवा वसुबारसेला मी त्यांना म्हटले, "एक चक्कर मारता का? बोळाच्या टोकापर्यंत."

वहिनी आणि सौ. दोघीही एकदम "काही नको!" म्हणाल्या.

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. त्यांनी धोतराऐवजी त्या दिवशी पँट घातली होती आणि पायाशी लावायची जुनी क्लिप खिशात आणली होती. मी सायकल धरली. ते सावकाश बसले आणि गेले. टोकापर्यंत गेले, वळले आणि परत आले. उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकला.

"बारा वर्षांचा असताना इथवरच गेला होतास ना?" त्यांनी विचारले.

"इथवरच."

"मग पुढच्या रविवारी जरा लांब जाऊ," अण्णा म्हणाले. "तू भाड्याची एखादी सायकल बघ."